दोन रंगांचं धुणं

सेतुबालला, मासळीबाजाराच्या मागे
आमच्या क्लबची धुण्याची खोली आहे.
एकोणतीस वर्षं मी तिथे.
पोरं मला पाठीवरच्या नावांनी कळत नाहीत,
डागांनी कळतात.
गवत कोणाचं, रक्त कोणाचं,
आणि बाकावरच बसून राहिलेल्याचा
घडीही न मोडलेला, ओशाळा शर्ट.

आदेरितो आला तेव्हा अकराचा होता.
शर्ट गुडघ्यापर्यंत यायचा.
मीच दुमडून टाके घातले
आणि दर मोसमाला एकेक उसवत गेले.

मग देशाचं पत्र आलं.
माझ्या नवऱ्याने, किंतिनोने,
बर्फावर सार्डिन मांडून त्याचं नाव लिहिलं.
शेवटच्या ओला मासे कमी पडले,
तिथे लिंबू ठेवलं.
लोक म्हणाले, आता तो सगळ्यांचा झाला.
शेजारीण उसनं पातेलं मागते तेव्हा
आपण कुठे विचारतो
की त्यात काय शिजणार?

मैत्रीपूर्ण सामना होता.
काय तो शब्द!
तीन गोलांनी पुढे होतो आपण.
आपण.
पाहा, आलंच तोंडात.
रविवारी आम्ही खेळतो, आम्ही हरतो;
त्या आम्हीत लिस्बनवाल्यांना जागा नाही,
नदीपलीकडच्या झेफेरिनोला तर नाहीच.
त्याच्या आईचा उद्धार मी
दहा वर्षं भर स्टँडमध्ये केलाय.
पण देश खेळायला लागला
की कुठून कोण जाणे, आपण होतो.

एकोणऐंशीव्या मिनिटाला आदेरितोचा गुडघा
चुकीच्या दिशेने वळला.
टीव्हीवाल्यांनी चार वेळा दाखवलं.
स्ट्रेचर येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता
तो झेफेरिनोच.
मी तोंडातली शिवी गिळली.
अजून पुरती उतरलेली नाही.

रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात.
देशाने फुलं दिली,
सहीचा चेंडू दिला,
आणि पोचा पडलेलं आमचं पातेलं.
मेमध्ये आम्ही खालच्या विभागात गेलो.
ते कोणी चार वेळा दाखवलं नाही.

उन्हाळ्यात मोठी स्पर्धा आली.
वर्तमानपत्राबरोबर फुकट मिळालेला झेंडा
किंतिनोने बाल्कनीत बांधला.
मी म्हटलं, काढ.
तो म्हणाला, सामना संपू दे.
सामने संपत गेले, झेंडा तसाच.
शेवटी आपण हरलो त्या रात्री
खारं वारं लागून कडक झालेला तो झेंडा मी काढला
आणि क्लबच्या पांढऱ्या शर्टांबरोबर
मशीनमध्ये टाकला.
चुकून, असं मी म्हणते.
किंतिनो म्हणतो, तू एकोणतीस वर्षांत
चुकून काही धुतलेलं नाहीस.

लाल उतरला.
हिरवा मात्र जागचा हलला नाही.
नव्या मोसमाचा पहिला सामना
आमची पोरं गुलाबी शर्टांत खेळली.
अख्खं स्टँड शिट्ट्या मारत होतं,
म्हातारा वेनान्सियो ओरडला,
"कोळंबी उकडली रे!"
आणि कुबड्या कठड्याला टेकवून उभा असलेला आदेरितो
आठ महिन्यांनी पहिल्यांदा
पोट धरून हसला.
एक-एक बरोबरी झाली.
दुसऱ्या दिवशी शर्टांवर ब्लीच ओतलं.
एक ठेवलाय बाजूला. का, ते विचारू नका.

काल पुन्हा पत्र आलं.
ते घेऊन तो धुण्याच्या खोलीत आला,
चालू मशीनवर चढून बसला,
लहानपणी बसायचा तसा.
मशीन पिळत होतं,
म्हणून आवाज थरथरत असेल.
"बोलावलंय," म्हणाला.
त्याच्या गुडघ्यावरचा व्रण मी पाहिला,
आडवा, जाड,
माझे टाके याहून सरळ असतात.
नको जाऊ म्हणायला तोंड उघडलं,
आणि विचारलं,
"कोणाशी आहे आपली मॅच?"

मग खिशातले चिमटे काढले
आणि मोजत बसले.